ही खोली इथली नाही

शनिवारी दुपारी नातीला कॉमेंट शिकवायला बसले. नात अकरा वर्षांची. तिने आपल्या बटणांच्या संग्रहाचं एक पान तयार केलं होतं. जुन्या कपड्यांवरून कापून ठेवलेली एकशे चाळीस बटणं, प्रत्येकाचा फोटो आणि खाली दोन ओळी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी बटणांचा डबा आणि मधल्या खोलीच्या दाराशी माझ्या नणंदेची भरलेली पिशवी. सोमवारी सकाळी वन्सं वृद्धनिवासात राहायला जायच्या होत्या. पिशवीकडे आम्ही दोघीही बघत नव्हतो.

"वेबसाइटचं पान दोन बाजूंनी वाचता येतं," मी म्हटलं. "पुढून सगळे वाचतात. मागून बनवणारा वाचतो. माउसचं उजवं बटण दाब. पानाचा सोर्स बघायचा का, असं विचारतंय ना? हो म्हण. झाली मागची बाजू."

"शिवणासारखं आहे. उलटं केलं की गाठी दिसतात."

"अगदी तसंच. आता इथे टोकदार कंस, उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघा टाकल्या, की त्यानंतरचं पुढून दिसेनासं होतं. पुन्हा दोन रेघा आणि उलटा कंस येईपर्यंत. त्या मधल्या मजकुराला कॉमेंट म्हणतात."

"दिसणारच नाही, तर लिहायचं कशाला?"

शाळेच्या संगणकखोलीत सव्वीस वर्षं हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारला. मला तो दर वेळी आवडला. मी म्हटलं, आधी एक लिहून तर बघ. तिने लिहिलं, "इथे निळं बटण आहे."

"हे पुढूनही दिसतंय. त्यात तू नवीन काय सांगितलंस? कॉमेंट म्हणजे आपल्यानंतर या पानाला हात लावणाऱ्यासाठी ठेवलेली चिठ्ठी. काय केलंय ते त्याला दिसतं. का केलंय ते दिसत नाही. ते लिही."

तिने पेनाचं टोपण चावत विचार केला आणि टाइप केलं, "निळं बटण सगळ्यांत वर ठेवलं. कारण: ते आत्याआजीच्या कोटाचं आहे, आणि ती सोमवारी जाणार."

मी बटणांच्या डब्याचं झाकण लावलं.

"काय लिहिलं गं पोरीने?" मधल्या खोलीतून वन्संचा आवाज आला. वन्संना जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही. कुजबुजलं की बरोबर ऐकू येतं.

"बटणाबद्दल आहे, वन्सं."

"बटणाबद्दल आहे तर तू गप्प का झालीस?"

वन्सं चौऱ्याऐंशीच्या. माझे यजमान गेले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. या वर्षात त्या बाथरूममध्ये दोनदा पडल्या. मुलगा आणि सून संध्याकाळपर्यंत बाहेर, आणि माझे गुडघे असे की त्यांना उचलायला गेले तर आम्हा दोघींना उचलायला तिसरं माणूस लागावं. ही सगळी कारणं खरी होती. नातेवाइकांना आम्ही तीच सांगितली. निवासाची वेबसाइट मुलाने शोधली, पण सगळ्यांत आधी 'हो' म्हटलं ते मी.

"आजी, खऱ्या लोकांच्या कॉमेंट बघूया का?" नात म्हणाली. "मोठी माणसं काय लिहितात ते."

निवासाचं पान सकाळपासून उघडंच होतं. मुलाने भेटायच्या वेळा बघितल्या होत्या. तिने त्याचीच मागची बाजू काढली. पहिली कॉमेंट होती, "अक्षरं मोठी केली. कारण: वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे." दुसरी, "फोन नंबर वर घेतला. कारण: खाली जाईपर्यंत लोक कंटाळतात."

मला मनापासून आनंद झाला. "बघ, याला म्हणतात काम. थोडक्यात, आणि कारणासकट. हे पान जतन करून ठेव. नमुना म्हणून आपल्याला उपयोगी पडेल."

तिने पान जतन केलं आणि शाळेत धडा वाचतात तशा एकसुरी आवाजात पुढे वाचायला लागली.

"ही खोली इथली नाही. कारण: इथल्या खोल्यांचे फोटो काढले होते, पण गाद्यांवरचे डाग लपेनात. व्यवस्थापक म्हणाले, गाद्या बदलण्यापेक्षा फोटो बदल." ती थांबली. "आजी, मग ही खोली कुठली?"

पिवळा पडदा, खिडकीत फुलांची कुंडी, पांढरीशुभ्र चादर. याच फोटोवर बोट ठेवून मुलगा म्हणाला होता, आत्याला खिडकी मिळेल.

"पुढचं वाचू? 'या आजी इथे राहत नाहीत. कारण: राहणाऱ्यांपैकी कोणी हसेना.' मग इथे आहे, 'दुर्गंधीमुक्त हा शब्द काढला. कारण: व्यवस्थापक म्हणाले, तो शब्द वाचला की लोक हुंगायला लागतात.' आणि ही, 'मागच्या इमारतीचा उल्लेख नको. कारण: तिथे संध्याकाळी सहानंतर पट्टे लावतात, नातेवाईक प्रश्न विचारतात.' पट्टे म्हणजे कसले, आजी?"

मी लॅपटॉप मिटला.

"मिटलंस कशाला?" वन्सं आतून म्हणाल्या. "वाचू दे तिला. माझीच खोली आहे ना ती?"

निवास बघायला आम्ही दोन आठवड्यांपूर्वी गेलो होतो. व्यवस्थापकाचे बूट पांढरे होते. ट्रेमधून गार पाणी आलं. सुगंधी फवारा इतका मारलेला, की पाणी पिताना साबण चाटल्यासारखं वाटलं. बोळाच्या टोकाला एक तपकिरी दार होतं. तिथपर्यंत गेले तेव्हा त्या सुगंधाच्या खालून दुसराच वास आला. तो मी ओळखला. यजमानांच्या शेवटच्या तीन महिन्यांत चादर बदलायला एक तास जरी उशीर झाला, तरी तो वास यायचा. इथे तो तासाभराचा नव्हता. "तिकडे काम चालू आहे," व्यवस्थापक म्हणाला, आणि मी "बरं" म्हटलं. नाकाने मला सगळं सांगितलं होतं. मी नाकाला रुमाल लावला आणि मुलाला म्हटलं, जागा बरी आहे.

कॉमेंट वाचून किळस आली ती त्यांची की माझी, हे त्या दुपारी मला नीट वेगळं करता येईना.

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो दमून आला होता. "आई, कोणीतरी मस्करी केली असेल. हे लोक मागे काहीबाही लिहितात."

"मस्करी करणारा कारण लिहीत नाही."

"मग विचार जाऊन बनवणाऱ्याला. सोमवारची सुट्टी मी घेतली आहे, ती परत मिळणार नाही." विषय संपवायला म्हणून तो हे बोलला, पण मी ते मनावर घेतलं.

बनवणाऱ्याचा नंबर पानाच्या तळाशी होता. फोन लावण्याआधी पुन्हा एकदा सगळं वाचलं, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. प्रत्येक कॉमेंटमध्ये आधी काय केलं ते, मग 'कारण' आणि शेवटी तारीख, महिना अक्षरात. वाचताना नातीने तारखा गाळल्या होत्या. ही माझ्या वर्गाची पद्धत. महिना आकड्यात लिहिला की मी वही परत करायचे. जगात असं दुसरं कोणी लिहीत असेल तर मला माहीत नाही.

मी दोन शब्द बोलले, तोच पलीकडून आवाज आला, "बाई? तुम्ही?"

तो गोगलगाय होता. एकेक अक्षर शोधून टाइप करायचा म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. सगळ्यांत हळू, पण सगळ्यांत नीटनेटका. वर्गात कॉमेंट लिहायचा कंटाळा न करणारा तेवढा एकच. त्याची वही मी इतरांना दाखवत असे.

रविवारी सकाळी त्याच्याकडे गेले. छापखान्याच्या वर एक खोली, संगणकाचे दोन पडदे, भिंतीला लावलेल्या वायरी, सगळं जिथल्या तिथे. त्याने खुर्ची पुसून दिली. खाली जाऊन स्वतः चहा घेऊन आला.

"बाई, तुम्ही जिने चढायला नको होते. मी आलो असतो."

"ती खोली कुठली आहे रे? पिवळ्या पडद्याची?"

त्याला समजायला क्षणही लागला नाही. तो चहा ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती.

"एका हॉटेलची. विकत मिळतात असे फोटो."

"आणि हसणारी म्हातारी?"

"तीपण."

"तुला माहीत होतं तिथे काय आहे ते. तू आत जाऊन फोटो काढलेस."

"काढले. नंतर दोन दिवस जेवलो नाही, बाई." हे तो अशा स्वरात म्हणाला, की मी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. "पण गिऱ्हाईक सांगतं ते करावं लागतं. मी निदान लिहून तर ठेवलं. तुम्हीच शिकवलंत, कारण लिहायचं. खोटं पुढे टाकलं, पण खरं मागे लिहिलं. त्यामुळे झोप तरी लागते."

"कोणासाठी लिहिलंस?"

"माझ्यानंतर जो येईल त्याच्यासाठी."

"तुझ्यानंतर माझी नणंद येणार होती. उद्या."

त्याने मान खाली घातली. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती शिसारी. ते नखं कापलेले स्वच्छ हात, ती पुसलेली खुर्ची, तो सरळ ओळीत ठेवलेला पेनांचा डबा. घाणीवर सतरंजी अंथरायची आणि सतरंजीच्या मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात 'खाली घाण आहे' असं लिहून ठेवायचं. वर तारीखही घालायची, महिना अक्षरात. आणि हे सगळं माझ्याकडून शिकायचं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, पण याच्या पोटातले पाय मीच वळण लावून चालायला शिकवले होते.

"संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतो, बाई," तो म्हणाला. "शब्द देतो."

"काय दुरुस्त करशील?"

"जे चुकलंय ते."

चहा मी तसाच ठेवला.

घरी जायच्या ऐवजी निवासाकडे वळले. मुद्दाम मागच्या रस्त्याने. धुण्याची गाडी आली होती, म्हणून फाटक उघडं होतं. हातात पिशवी असलेल्या म्हातारीला कोणी अडवत नाही. ती तिथलीच वाटते.

मागच्या इमारतीत फवारा नव्हता. आत पाऊल टाकलं आणि चप्पल फरशीला चिकटली. प्रत्येक पावलाला चर्र आवाज करून सुटायची. पहिल्याच खोलीत सहा पलंग. प्लास्टिक घातलेल्या गाद्या आणि प्लास्टिक फाटलं होतं तिथे तपकिरी वर्तुळं, एकात एक, झाडाच्या खोडात असतात तशी. जमिनीवर एका वाडग्यात पेज वाळून तिच्यावर साय धरली होती, आणि त्या सायीत एक पांढरा केस. कोपऱ्यातल्या बादलीला झाकण नव्हतं. पट्टे होते, सामानाला बांधतात तसे, बकलाचे. घड्याळात साडेअकरा वाजले होते, सकाळचे. 'संध्याकाळी सहानंतर' हेही खोटंच. मागच्या बाजूला लिहिलेलं खरंसुद्धा पुरतं खरं नव्हतं.

दाराजवळच्या पलंगावरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "जरा सोडता का?" अगदी अदबीने म्हणाल्या. "नाक खाजतंय."

मी बकल सोडलं. त्यांनी सावकाश, मनसोक्त नाक खाजवलं. मग तोच हात माझ्यासमोर धरला. "लावा परत. नाहीतर ती मुलगी ओरडते."

मला ते जमलं नाही. मी त्यांचा हात धरून नुसती उभी राहिले. मनगटावर पट्ट्याएवढी जागा मऊ, ओलसर आणि पांढरी पडली होती, पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. तेवढ्यात कामाची मुलगी आली. तिने मला एका शब्दानेही विचारलं नाही. त्यांचा हात माझ्या हातातून काढून घेतला, पट्टा लावला, आणि बादली उचलून निघून गेली.

फाटकाबाहेर भिंतीला धरून मी ओकले. घरी येऊन तीनदा हात धुतले. तरी हात नाकाशी नेला की तो वास यायचा.

संध्याकाळी नात लॅपटॉप घेऊन आली. "आजी, ते पान बदललंय. म्हणजे, बदललं नाहीये. म्हणजे तूच बघ."

पुढून पान होतं तसंच होतं. पिवळा पडदा, कुंडी, हसणारी म्हातारी. तिने मागची बाजू काढली. अक्षरं मोठी केल्याची कॉमेंट जागेवर होती. फोन नंबरची होती. बाकीच्या सगळ्या गेल्या होत्या. तेवढ्या ओळी काढून पान पुन्हा नीट जुळवलेलं, कुठे फट दिसू नये असं.

फोनवर त्याचा निरोप आला होता. "बाई, केलं. आता कोणाला काही दिसणार नाही. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार."

मी तो दोनदा वाचला. सकाळी पोटात होतं ते ओकून टाकता आलं होतं. हे ओकताही येईना.

"त्याला वाटलं, चूक कॉमेंटमध्ये होती," नात म्हणाली.

"हो."

"पण चूक तर पानात होती ना?"

माझ्या वर्गात बसून त्याला जे कळलं नाही, ते हिला एकाच दुपारच्या धड्यात कळलं होतं. तिला शाबासकी द्यायचंही मला त्या वेळी सुचलं नाही.

शनिवारी नमुना म्हणून जतन केलेलं पान आमच्याकडे होतं. तिने ते छापलं. मुलाने टेबलाशी उभ्यानेच वाचलं. 'गाद्या बदलण्यापेक्षा फोटो बदल' इथे तो खाली बसला. मी त्याला मागच्या इमारतीचं सांगितलं. वाडग्याचं सांगितलं, केसाचंही सांगितलं. त्याने हाताने थांबवलं. "पुरे, आई." मग म्हणाला, "सुट्टी घेतलीच आहे, तर उद्या बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतो. दिवसभर थांबायला बाई शोधू. आत्या कुठेही जात नाही."

वन्संना सांगायला मी आत गेले. त्या पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, जणू शाळेच्या बसची वाट बघत होत्या.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आता एक सांग. पोरीला शिकवतेस ना, कारण लिहायचं म्हणून? मग तुझं काय कारण होतं? पडते, गुडघे दुखतात, ते सोड. ते तू सगळ्यांना सांगताना मी ऐकलंय."

दाराशी नात उभी होती. तिला बाहेर जा म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही.

"तुमचा कंटाळा आला होता मला, वन्सं. त्या बोळाच्या टोकाला मला वास आला होता. तरी मी बोलले नाही."

"शी," त्या म्हणाल्या. अगदी हळू, पायाखाली काही मऊ आल्यासारखं. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मग त्यांनी पिशवी पायाने माझ्याकडे ढकलली. "मलाही तुझा आला होता. म्हणून तर दोन दिवस आधीच भरून ठेवली. काढ आता सगळं बाहेर, आणि कोट नीट टांग. चुरगळला असेल."

कोटाला वरचं बटण नव्हतं. ते डब्यात होतं.

सोमवारी सकाळी मुलगा प्लंबरची वाट बघत घरी थांबला, आणि आम्ही दोघी अशा निवासांची तपासणी करणाऱ्या कार्यालयात गेलो. मी एकटीच जाणार होते. पण वन्सं कोट घालून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याच पिशवीत त्यांनी छापलेली पानं घातली होती आणि पिशवी माझ्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने पानं चाळली. मग आपल्या संगणकावर निवासाची वेबसाइट उघडली, मागची बाजूही काढून बघितली. माणूस कामाचा होता. "आजी, इथे तर यातलं काहीच नाही."

"शनिवारी होतं," मी म्हटलं. "काल पुसलं. जतन केल्याची तारीख पानावर आहे. आणि मी स्वतः काल आत जाऊन आले. तेही सांगायचं आहे, सविस्तर."

"पुसलं कशासाठी?"

"ते तेवढं लिहिलं नाही त्याने," वन्सं म्हणाल्या. "एरवी प्रत्येक गोष्टीला कारण लिहितो. हुशार विद्यार्थी आहे हिचा."

कारकुनाने पुन्हा एकदा पानं वाचली. पट्ट्यांच्या ओळीशी त्याचं बोट थांबलं आणि त्याने ते पँटला पुसलं, आपण काय करतोय ते त्याला कळलंही नसावं. मग त्याने एक कोरा कागद पुढे ओढला. "बसून सांगा. पहिल्यापासून. तपासणीला आजच माणूस पाठवायचा तर मला सगळं लागेल."

मी खुर्ची ओढली. नाक खाजवायला मी ज्यांचा हात सोडला होता त्या बाईंपासून सुरुवात करायची ठरवलं होतं. तोंड उघडलं, तर वन्सं कोपराने ढोसत म्हणाल्या, "आधी बाथरूम कुठे आहे ते विचार."

कारकुनाने बोट दाखवलं. मी उठले आणि त्यांच्या दंडाखाली हात घातला. फरशी ओली होती.

"हळू, वन्सं."

"हळूच चालतेय. आणि पडले तर या वेळी तुझ्यावरच पडेन, सांगून ठेवते."